अवरक्त प्रकाशाची सुरी : बारामती, तुर्भे आणि परळ

शस्त्रवैद्याच्या सुरीकडून दोन कामांची अपेक्षा असते, आणि ती दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध जाणारी आहेत. तिने कापावे, आणि जे कापले त्यातून रक्त वाहू नये. पोलादाची सुरी पहिले काम उत्तम करते. दुसरे तिच्याने होत नाही. म्हणून कापणाऱ्या हाताच्या मागोमाग चिमटे, धागे, बोळे आणि साहाय्यकांचे हात चालत राहतात, आणि शस्त्रक्रियेचा पुष्कळसा वेळ कापण्यात न जाता रक्त थांबविण्यात जातो. शरीराच्या पृष्ठभागावर ही अडचण निभावून नेता येते. स्वरयंत्रासारख्या अरुंद आणि अंधाऱ्या जागी मात्र रक्ताचे चार थेंबही शस्त्रवैद्याची दृष्टी झाकून टाकतात, आणि तेथे दिसेनासे होणे म्हणजे रोग मागे राहणे किंवा निरोगी भाग कापला जाणे होय.

ही अडचण प्राचीनांना ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनी जखम सांधणे, थंडाव्याने रक्त घट्ट करणे, भस्माचा उपयोग करणे, आणि ह्या तिहींनी काम न झाले तर डाग देऊन शिरा आकुंचित करणे, असा तो क्रम आहे. अग्निकर्माच्या विवेचनात ह्याहूनही मार्मिक असा एक भेद केलेला आढळतो. त्वचेला डाग द्यावयाचा तर पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात किंवा शलाका. मांसाला द्यावयाचा तर धातूची साधने. शिरा, स्नायू, सांधे व हाडे ह्यांसाठी मध, गूळ आणि स्नेहद्रव्ये. म्हणजे उष्णता किती खोल जावी हे ठरवून तिचे वाहन निवडावे, हा विचार तेथे स्पष्ट आहे. ह्यावरून प्राचीनांना लेसर अवगत होता असा निष्कर्ष काढणारे लेखक अधूनमधून भेटतात. त्यांच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. परंतु उष्णतेचा प्रश्न मुख्यतः तीव्रतेचा नसून खोलीचा आहे, ही गोष्ट जी त्या ग्रंथात नोंदलेली आहे, ती विसाव्या शतकातील पदार्थवैज्ञानिकांना आणि शस्त्रवैद्यांना पुन्हा नव्याने शिकावी लागली. पुढील इतिहास बव्हंशी त्या शिकण्याचा आहे.

मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात १९२६ हे वर्ष परळच्या नावाने ओळखले जाते. त्या वर्षी तेथे राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ह्यांचे कार्य सुरू झाले. अध्यापक व वैद्य भारतीयच असावेत ही देणगीदारांची अट होती, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या स्थापनेपासून म्हणजे १८४५ पासून चालत आलेल्या परंपरेत ती सर्वस्वी नवी होती. त्याच वर्षी, १ ऑक्टोबर रोजी, बोस्टन येथे हार्वे कुशिंग ह्याने विल्यम बोव्ही ह्याच्या उच्च वारंवारतेच्या विद्युत्‌यंत्राचा उपयोग करून रक्तवाहिन्यांनी भरलेली डोक्यावरील एक गाठ काढली. काही दिवसांपूर्वी हीच शस्त्रक्रिया रक्तस्रावामुळे अर्धवट सोडावी लागली होती. ह्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध मुळीच नाही. पण परळला पुढे ज्या साधनांनी काम चालले त्यांच्या इतिहासाचा आरंभ ह्या वर्षापासून धरणे सोयीचे आहे; कारण कापणे आणि रक्त गोठविणे ही दोन्ही कामे एकाच टोकाने करणारे हे पहिले व्यवहार्य साधन होते, आणि आजही जगातील बहुतेक शस्त्रक्रियागृहांत तेच सर्वांत जास्त वापरले जाते. त्याच्या उणिवाही तितक्याच जुन्या आहेत. विद्युत्‌प्रवाहाला शरीरातून परतीची वाट लागते. ती वाट शस्त्रवैद्य निवडत नाही, ऊतकांचा रोध निवडतो. टोक ऊतकाला टेकवावे लागते, आणि गोठलेले रक्त टोकाला चिकटून टोक उचलताना खपली निघून येते. स्नायू दचकतात. ज्या काळी भूल ईथरने दिली जाई त्या काळी एका ठिणगीने स्फोट होण्याची भीतीही होती.

प्रकाशाने हे काम करता येईल ही कल्पना लेसरच्या आधीची आहे. जर्मन नेत्रवैद्य मायर-श्विकराथ ह्याने १९४९ पासून प्रखर प्रकाश डोळ्यात एकवटून दृष्टिपटल जागच्या जागी चिकटविण्याचे प्रयोग केले. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन ह्याने माणकाचा लेसर चालवून दाखविला, आणि १९६१ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये एका रुग्णाच्या दृष्टिपटलावरील गाठीवर तो वापरण्यातही आला. एवढ्या घाईमागे असा समज होता की पुरेशी शक्ती मिळाली की प्रकाश काहीही कापील. तो समज टिकला नाही. माणकाचा लाल प्रकाश रंगद्रव्य असलेल्या ऊतकातच शोषला जातो. फिकट ऊतकात तो विखुरतो, परावर्तित होतो, आणि त्याचे स्पंद इतके आखूड व तीव्र असतात की गाठीचे कण उडून आजूबाजूला पडतात. डोळ्याच्या बाहेर त्याचा उपयोग मर्यादितच राहिला. लेसरची शक्ती वाढवून हा प्रश्न सुटणारा नव्हता. शरीरात सर्वत्र आढळणारा, आणि त्या प्रकाशाला शोषून घेणारा असा पदार्थ कोणता, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर एका अशा संशोधनातून आले की ज्याच्या कर्त्याच्या मनात शस्त्रक्रियेचा विचार नव्हता. चंद्रकुमार नारणभाई पटेल ह्यांचा जन्म २ जुलै १९३८ रोजी बारामतीचा. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. १९६१ मध्ये तेथे डॉक्टरेट मिळवून त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. त्या वेळी वायूंच्या लेसरांत अणूंमधील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांचा उपयोग केला जात असे. पटेल ह्यांनी रेणूच्या कंपनांकडे लक्ष वळविले. अणूच्या तुलनेने रेणूच्या कंपनपातळ्या जमिनीलगत असतात. त्यामुळे आत घातलेल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा प्रकाशरूपाने परत मिळू शकतो. १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूपासून १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अखंड अवरक्त किरण मिळविला. आरंभी त्याची शक्ती मिलिवॅटमध्ये मोजावी अशी होती. नायट्रोजनचा रेणू आपली कंपनऊर्जा कार्बन डायऑक्साइडला जवळजवळ अखंड देऊ शकतो हे ध्यानी घेऊन त्यांनी मिश्रणात नायट्रोजन आणला. मग हेलियम घालून खालच्या पातळ्या रिकाम्या केल्या. आणि १९६५ मध्ये शक्ती शंभर वॅटच्या पुढे गेली. एका वर्षात एवढी झेप घेतलेली दुसरी उदाहरणे ह्या शाखेत थोडीच सापडतील. पुढे १९९६ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक मिळाले. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव जितके यावयास हवे तितके येत नाही, ही खंत येथे नोंदवून पुढे गेलेले बरे.

१०.६ मायक्रोमीटरचा हा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याला तो चांगलाच 'दिसतो'. पाण्याच्या थरात शिरल्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासच त्याची बहुतेक ऊर्जा संपते. मऊ ऊतकाचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असल्यामुळे ज्या ठिकाणी किरण पडतो तेथील पेशींतले पाणी क्षणात उकळते आणि पेशी वाफ होऊन निघून जातात. तिच्या शेजारची पेशी मात्र जवळजवळ अबाधित राहते. साठ अंशांच्या पुढे प्रथिने गोठतात, शंभर अंशांना पाणी उकळते, आणि त्यापुढे कोळसा होतो. ह्या तीन पायऱ्यांतील पहिलीचा पट्टा ह्या किरणात फार अरुंद असतो. कापण्याच्या दृष्टीने हा गुण आहे. रक्त थांबविण्याच्या दृष्टीने तोच दोष ठरतो, कारण सुमारे अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या बारीक वाहिन्याच ह्या अरुंद पट्ट्यात मिटतात. त्याहून मोठी वाहिनी कापली गेली तर चिमटा घ्यावाच लागतो.

बोस्टन येथील स्ट्राँग आणि याको ह्यांनी १९७२ मध्ये ह्या किरणाने स्वरयंत्रावर केलेल्या शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि शस्त्रवैद्यकात लेसरला हक्काची जागा मिळाली. रुग्णाला भूल देऊन, मान मागे झुकवून, तोंडातून धातूची सरळ नळी स्वररज्जूंपर्यंत पोचविली जाते व ती आधारावर टांगून ठेवली जाते. सूक्ष्मदर्शक चाळीस सेंटिमीटर दूर असतो, आणि त्याला जोडलेल्या आरशाच्या दांडीने शस्त्रवैद्य किरण फिरवितो. हात रुग्णाच्या गळ्यात नसल्याने दृष्टीच्या आड काहीच येत नाही. ह्या पद्धतीचे धोकेही त्याच जागेतून उद्भवतात. श्वासनलिकेत भुलीची रबरी नळी आणि तिच्यातून वाहणारा प्राणवायू असतो. किरण चुकून नळीवर पडला तर ती पेटते आणि ज्वाळा फुप्फुसाकडे जाते. म्हणून ओल्या कापसाचे बोळे, धातूच्या नळ्या, कमी केलेला प्राणवायू आणि खोलीतील प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा, असा सगळा शिष्टाचार ह्या किरणाबरोबर आला.

ह्यापेक्षाही मूलगामी अडचण वेगळी होती. १०.६ मायक्रोमीटरचा किरण साध्या काचेतून जात नाही. काच त्याला पाण्याइतक्याच आतुरतेने शोषून घेते. यंत्रापासून रुग्णापर्यंत तो न्यावयाचा तर सांध्या-सांध्यांवर आरसे बसविलेल्या पोकळ बाहूतून न्यावा लागतो, आणि शेवटी त्याला सरळ रेषेतच जावे लागते. जे सरळ रेषेत दिसत नाही ते त्याला कापता येत नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पोकळ गाभ्याचे तंतू तयार होऊन ही अट काहीशी सैल झाली. तोवर तीन दशके ह्या सुरीला वळण घेता येत नव्हते.

वळण घेणारा प्रकाशही होता, पण तो वेगळ्या जातीचा होता. मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी ह्यांनी हॉपकिन्स ह्यांच्यासह लंडनच्या इंपीरियल कॉलेजात काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेऊन दाखविली. तो निबंध १९५४ चा. १९५७ पर्यंत हिर्शोविट्झ ह्यांनी ह्या तत्त्वावर जठर पाहण्याची लवचिक दुर्बीण बनविली होती. १९६४ मध्ये, म्हणजे पटेल ह्यांचे संशोधन झाले त्याच वर्षी आणि त्याच बेल प्रयोगशाळेत, निओडिमियमयुक्त यॅग स्फटिकाचा लेसर तयार झाला. त्याचा १.०६ मायक्रोमीटरचा किरण काचेतून सहज जातो. म्युनिक येथील नाथ ह्यांनी १९७३ च्या सुमारास शक्तिशाली किरण वाहून नेणारा सिलिकेचा तंतू सिद्ध केला, आणि कीफहाबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून हा किरण जठरात पोचवून वाहते व्रण बंद केले. परंतु काचेतून सहज जाणारा हा किरण पाण्यातूनही सहजच जातो. ऊतकात तो कित्येक मिलिमीटर खोल शिरून विखुरतो आणि मोठा गोळा हळूहळू शिजवितो. रक्त थांबविण्यास तो अत्यंत उपयुक्त असला तरी कापण्यास फारसा कामाचा नाही, आणि शिजलेल्या भागाची खोली त्या क्षणी डोळ्यांना दिसत नसल्याने धोक्याचाही आहे. एकाच संस्थेत एकाच वर्षी जन्मलेल्या ह्या दोन किरणांनी शस्त्रवैद्याची दोन कामे अशी आपसांत वाटून घेतली : एक कापी पण त्याला वाट मिळेना, दुसऱ्याला वाट मिळे पण तो कापीना. लेसरची स्थूल वर्णने ह्या कोंडीकडे दुर्लक्ष करतात आणि शक्तीच्या आकड्यांत रमतात. वास्तविक १९६५ ते २००५ ह्या चाळीस वर्षांचा इतिहास ह्या कोंडीचाच आहे.

भारतात लेसरचा आरंभ मुंबईत झाला, ही गोष्ट मुंबईकरांच्याही फारशी स्मरणात नाही. तुर्भे येथील अणुशक्ती संस्थेत, जिला १९६७ मध्ये भाभा ह्यांचे नाव देण्यात आले, १९६० च्या दशकाच्या मध्यास गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार करण्यात आला. आणि त्याच्या अदृश्य अवरक्त प्रकाशाने तुर्भे व कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था ह्यांच्यात सुमारे वीस किलोमीटर अंतरावर संदेशवहन करून पाहण्यात आले. मुंबई बंदराच्या पाण्याला लागून अवरक्त लेसरचा किरण ये-जा करीत होता त्याच दशकात परळला एक प्रशासकीय घटना घडली, जी त्या वेळी कोणालाही ह्या प्रयोगाशी संबद्ध वाटली नसेल. सर दोराबजी टाटा न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आले होते. १९६२ मध्ये ते अणुशक्ती विभागाकडे सोपविण्यात आले. कर्करोगाच्या उपचारात किरणोत्सर्गाला असलेले स्थान पाहता हा निर्णय सयुक्तिक होता. त्याचा एक परिणाम असा झाला की देशात लेसर घडविणारे आणि ज्या रोगात तो लागेल त्याचे रुग्ण पाहणारे, हे दोघे एकाच विभागाच्या छत्राखाली आले. १९८४ मध्ये ह्याच विभागाने इंदूर येथे प्रगत तंत्रज्ञान केंद्र काढले, आणि तुर्भ्याचे लेसरविषयक कार्य पुष्कळसे तिकडे गेले. शस्त्रक्रियेसाठी कार्बन डायऑक्साइड लेसरची यंत्रे तेथे बनविण्यात आली. तरीही एकच छत्र असणे म्हणजे एकच कार्य होणे नव्हे. आपल्या रुग्णालयांतील बहुतेक शस्त्रक्रिया-लेसर परदेशी बनावटीचे राहिले, आणि किंमत व दुरुस्ती ह्या दोन गोष्टींनी त्यांचा प्रसार रोखून धरला.

परळ-लालबागचा हा भाग गिरण्यांचा. कापसाच्या सान्निध्यात विडी पेटविणे म्हणजे आग ओढवून घेणे. तळहातावर चुना लावून चोळलेल्या तंबाखूला ती अडचण नव्हती. टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख वसंत रामजी खानोलकर ह्यांनी १९४० च्या दशकापासून लोकांच्या सवयी आणि कर्करोगाचे स्थान ह्यांचा संबंध चिकाटीने तपासला, आणि भारतात तोंड व घसा ह्यांच्या कर्करोगाचे प्रमाण एवढे मोठे का, ह्याचे शास्त्रीय उत्तर देण्यास आरंभ केला. स्वररज्जूवरील गाठीचे एक वैशिष्ट्य असे की ती मोहरीएवढी असतानाच आवाज बदलते. सिद्धान्ततः हा रोग लवकर ओळखला जावा. पण साचेखात्यातील मागांच्या गोंगाटात जन्मभर ओरडून बोललेल्या माणसाचा घसा बसला, तर ती तक्रार ठरणे कठीणच. रोग वाढल्यावर उपाय एकच उरे : संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकणे. १८७३ मध्ये व्हिएन्नात बिलरोथ ह्याने ही शस्त्रक्रिया केल्यापासून तिची किंमत बदललेली नाही. रुग्णाचा प्राण वाचतो, पण गळ्याच्या पुढील छिद्रातून श्वास घेऊन जगावे लागते आणि स्वाभाविक आवाज कायमचा जातो. आवाज हेच ज्याच्या उपजीविकेचे साधन, असा भाजीवाला, शिक्षक किंवा कीर्तनकार ह्या रुग्णांत असे, तेव्हा प्राण वाचविण्याच्या ह्या उपायाचा हिशेब घरी गेल्यावर पुन्हा मांडावा लागे.

आरंभीच्या अवस्थेत मात्र दोन मार्ग असतात, आणि दोन्हींत आवाज राहतो. एक किरणोपचार; दुसरा लेसर. रोग बरा होण्याच्या बाबतीत दोहोंत फारसा फरक नाही, असे जगभरचा अनुभव सांगतो. टाटा रुग्णालयातील सुलतान प्रधान आणि त्यांचे सहकारी ह्यांनी आरंभावस्थेतील स्वररज्जूच्या कर्करोगावर तोंडावाटे केलेल्या लेसर-शस्त्रक्रियांचा अनुभव २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य वाचकाने तो वाचताना आवाजाच्या गुणवत्तेची तुलना प्रथम पाहिली असेल. परळचे महत्त्व वेगळ्या आकड्यात आहे, आणि तो आकडा दिवसांचा आहे. किरणोपचाराला आठवड्यातून पाच दिवस ह्याप्रमाणे पाच-सहा आठवडे लागतात. लेसरच्या शस्त्रक्रियेत एक बैठक. गिरण्या १९८२ च्या संपानंतर ओस पडत गेल्या आणि रुग्णालयात येणारा माणूस आता शेजारच्या चाळीतला असण्यापेक्षा बिहार, बंगाल वा विदर्भातून आलेला असण्याचा संभव अधिक. त्याला सहा आठवडे मुंबईत राहावयाचे तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळावी लागते, नाहीतर रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर अंथरूण टाकावे लागते. किरणोपचाराच्या यंत्रापुढील रांगही तितकीच लांब. शिवाय किरणोपचार एकदा दिला की त्याच जागी तो सहसा पुन्हा देता येत नाही. लेसर पुन्हा चालविता येतो, आणि किरणोपचार हातचा राखून ठेवता येतो. ज्या साधनाची ओळख श्रीमंत रुग्णालयांतील नावीन्य म्हणून करून दिली जाते ते गर्दीच्या सार्वजनिक रुग्णालयात काटकसरीचे साधन ठरू शकते, हा परळच्या अनुभवाचा विशेष म्हटला पाहिजे.

पण सरळ रेषेची अट परळला जितकी जाचक ठरली तितकी बोस्टनला ठरली नसेल. मुंबईचे घसातज्ज्ञ एस. जी. जोशी ह्यांनी १९५३ मध्ये टाळू आणि घशाच्या खांबांजवळील श्लेष्मल पटलाखाली तंतुमय दाट ऊतक साचून तोंड आखडत जाण्याच्या विकाराचे वर्णन केले. सुपारी चघळण्याशी ह्या विकाराचा संबंध पुढे सिद्ध झाला. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली, तरी त्या पिढीची तोंडे आखडलेलीच आहेत. दोन बोटेही न मावणाऱ्या तोंडातून धातूची सरळ नळी स्वररज्जूंपर्यंत जात नाही; आणि नळी गेली नाही तर पटेल ह्यांचा किरण कितीही नेमका असला तरी निरुपयोगी. म्हणजे ज्या सवयीने रोग झाला तीच उपचाराची वाटही बंद करून बसते. अशा रुग्णाला नाकातून जाणारी लवचिक दुर्बीण आणि तिच्या आतून जाणारा तंतू हाच मार्ग मोकळा राहतो. येथे प्रकाश नुसता तंतूतून जाऊन भागत नाही. त्याने ऊतकात खोल न शिरता कापलेही पाहिजे.

ही मागणी पुरी करणारी जागा वर्णपटात आहे, पण ती अरुंद आहे. सिलिकेची काच सुमारे सव्वादोन मायक्रोमीटरपर्यंतचाच प्रकाश चांगला वाहून नेते. पाण्याच्या शोषणाचा एक उंचवटा १.९४ मायक्रोमीटरजवळ येतो. ह्या दोन सीमांच्या मधल्या पट्टीत जो प्रकाश पडेल त्याला वाटही मिळेल आणि पाणीही मिळेल. प्रथम होल्मियमयुक्त यॅगच्या २.१ मायक्रोमीटर किरणाने ही पट्टी व्यापली. मूत्रमार्गातील खडे फोडण्यात त्याने मोठी क्रांती केली. पण तो स्पंदांनी चालतो, आणि प्रत्येक स्पंदाबरोबर वाफेचा बुडबुडा फुटून ऊतक फाटते, कापले जात नाही. थुलियम ह्या मूलद्रव्याचा किरण उंचवट्याच्या अधिक जवळ पडतो. तेथे पाणी होल्मियमच्या किरणापेक्षा सुमारे चौपट शोषण करते.

थुलियमला वाहून नेण्यासाठी तंतू वापरण्याऐवजी तंतूलाच लेसर बनविण्याची युक्ती मात्र जुनी आहे. मेमननंतर वर्षभरातच, १९६१ मध्ये, अमेरिकन ऑप्टिकल कंपनीतील इलायस स्निट्झर ह्यांनी काचतंतूच्या गाभ्यात निओडिमियम मिसळून तंतू-लेसरचा विचार मांडला होता. त्या काळी गाभ्यात प्रकाश भरण्याचे साधन म्हणजे क्षणदीप्तीचे दिवे. बाहेरून ओतलेला त्यांचा प्रकाश केसाएवढ्या गाभ्यात क्वचितच शिरे. ती अडचण अर्धवाहक लेसरांनी सोडविली, म्हणजे तुर्भ्याहून कुलाब्याला संदेश नेणाऱ्या गॅलियम आर्सेनाइडच्याच वंशजांनी. १९८७ मध्ये साउदॅम्प्टन येथे एर्बियमयुक्त तंतूचा वर्धक सिद्ध झाला आणि दूरसंदेशवहनाच्या अफाट बाजारपेठेने तंतूंची निर्मिती परिपूर्ण केली. शस्त्रवैद्यकाने ते फळ आयते घेतले. नेथॅनियल फ्रीड आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १.९४ मायक्रोमीटरच्या थुलियम तंतू-लेसरने मूत्रमार्गाच्या ऊतकावर केलेले प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील दीड दशकात त्यावर आधारलेली यंत्रे शस्त्रक्रियागृहांत आली. इंदूरच्या केंद्रातही, ज्याला आता राजा रामण्णा ह्यांचे नाव आहे, थुलियमयुक्त तंतू-लेसरवर काम झाले आहे. ह्या यंत्रात स्फटिक नाही, जागेवरून हलणारे आरसे नाहीत, पाण्याने थंड ठेवावी लागणारी नळी नाही. भिंतीतल्या साध्या विजेच्या खाचेवर ते चालते, हवेने थंड राहते, आणि गाभा बारीक असल्याने मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढ्या पातळ तंतूतूनही आपली शक्ती बाहेर देते. एवढा तंतू लवचिक दुर्बिणीच्या वाकण्याच्या आड येत नाही. सार्वजनिक रुग्णालयातील दुरुस्तीचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना ह्यातील कोणता गुण सर्वांत मोलाचा हे सांगण्याची आवश्यकता नाही.

ह्या किरणाने १०.६ मायक्रोमीटरच्या किरणाला मागे टाकले असे मात्र समजू नये. त्याची ऊर्जा पाण्यात शिरल्यावर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या जवळपास संपते. यॅगच्या तुलनेने ही खोली नगण्य होय. तथापि कार्बन डायऑक्साइडच्या किरणापेक्षा ती कित्येक पटींनी अधिकच आहे, आणि तंतू एका जागी रेंगाळला तर उष्णता त्याहूनही पुढे पसरते. रक्त थांबविण्यास हा जास्तीचा पट्टा उपकारक. स्वररज्जूवर त्याची गोष्ट वेगळी : तेथे कंप पावणारे पटल आणि त्याखालील बंध ह्यांच्यातले सर्व अंतर मिलिमीटरच्या अंशांत मोजावयाचे असते, आणि तो थर गोठला तर आवाज वाचविण्यासाठी केलेली शस्त्रक्रियाच आवाज घोगरा करून ठेवते. म्हणून तोंड उघडते आणि नळी जाते, तेथे आजही पटेल ह्यांचाच किरण निवडला जातो, तंतू इतरांसाठी.

दोन्हींना समान असलेली आणखी एक अडचण शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर आहे. काढलेला तुकडा किरणाने सर्व कडांनी भाजलेला असतो, आणि रोग पुरता निघाला की नाही हे त्या कडाच सांगणार असतात. भाजलेल्या पेशीत केंद्रक ओळखता येत नाही. शस्त्रवैद्य तुकड्याची दिशा दाखविणाऱ्या टाचण्या लावून तो विकृतिविज्ञानाच्या प्रयोगशाळेकडे पाठवितो, शंका वाटली तर तळातून सुरीने आणखी एक न भाजलेला कण काढून त्यासोबत देतो, आणि नंतर वाट पाहतो. परळला ही प्रयोगशाळा खानोलकरांनी उभी केलेली आहे. तेथे तुकडा मेणात बसवून त्याचे काप घेतले जातात, रंगविले जातात, आणि काळसर पडलेल्या कडेच्या आत निरोगी पेशींची एक तरी रांग दिसते का, हे सूक्ष्मदर्शकातून पाहिले जाते.